अफीच्या आईचं लाल तेल

लॅबच्या कपाटातून मी पिवळा डबा काढला, तेव्हा आतलं तेल थराथरांत फाटलेलं होतं. वर लालभडक पातळ, खाली भगवा रवा आणि अगदी बुडाशी काळा गाळ. वास घेतला. धुराचा, जळक्या मसाल्याचा. सरकीच्या तेलाच्या मिलमध्ये केमिस्ट म्हणून जन्म काढलेल्या माणसाला असं तेल पाहून एकच शब्द सुचतो. गेलं.

डबा माझा नव्हता. अफीने तो माझ्याकडे ठेवायला दिला होता.

अफी पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो नावाच्या छोट्या, चिंचोळ्या देशातली. आदिलाबादला आमच्या मिलमध्ये तीन महिन्यांच्या ट्रेनिंगला आली होती. त्यांच्याकडेही कापूस पिकतो. गावातल्या बायकांना सरकीचं तेल काढायचं होतं, आणि तेलाच्या टेस्ट शिकायला त्यांनी हिला धाडलं होतं. देश फ्रेंच बोलणारा, पण घर घानाच्या सीमेला लागून, म्हणून इंग्रजी छान यायचं. मी तामसीचा, तेलंगण-महाराष्ट्राच्या सीमेवरचा. सीमेवरच्या माणसाला दोन-तीन भाषा कशा येतात, हे मला विचारावं लागलं नाही.

पहिल्याच आठवड्यात तिने डबा आणून टेबलावर ठेवला.

"सर, माझ्या खोलीवर पत्रे आहेत, फार तापतात. तुमच्या लॅबला एसी आहे. हे पामतेल माझ्या आईने काढलंय. मी इकडे यायच्या दोन महिने आधी ती गेली. तिच्या हातचं एवढंच उरलंय."

"मग घरी का नाही ठेवलंस?"

"भावांनी आठ दिवसांत संपवलं असतं," ती हसली. "तिला जाऊन वर्ष होईल त्या दिवशी सगळे जमतील, तेव्हा प्रत्येकाच्या ताटात एक-एक चमचा वाढायचाय. तोवर सांभाळाल?"

"निश्चिंत राहा," मी म्हणालो.

आपल्याकडे पामतेल म्हणजे भज्यांच्या गाड्यावरचं, फिक्कट, पाकिटातलं. घरात वापरलं तरी पाहुण्यासमोर त्याचं नाव काढत नाहीत. अफीकडे ते लाल असतं आणि लालच खातात. ताडासारख्या झाडाची फळं उकडायची, कुटायची, पाण्यात कालवून वर आलेलं तेल काढून घ्यायचं. मग कांदा, आलं, मसाले टाकून पुन्हा कढवायचं. या मसाल्याच्या तेलाला ते झोमी म्हणतात. शिजलेल्या चवळीवर चमचाभर तसंच ओततात. आपण वरणावर तूप घेतो ना, तसं.

एका रविवारी ती आमच्या घरी जेवायला आली. कुसुमने, म्हणजे माझ्या बायकोने, चवळी केली होती. अफीने त्याच डब्यातून छोट्या बाटलीत काढून आणलेलं तेल आम्हा दोघांना एक-एक चमचा वाढलं. कुसुमने बोटं चाटली. मी माझा चमचाभर हळूच भाकरीखाली सारला. खोटं कशाला बोलू, मला ते तेल कच्चं वाटलं.

याचं कारण माझ्या धंद्यात आहे. सरकीचं कच्चं तेलही गडद लाल, काळपट असतं. त्यात गॉसिपॉल नावाचं द्रव्य असतं, ते पोटात जाता कामा नये. म्हणून आम्ही कॉस्टिक सोड्याने तेल धुतो, मग विशिष्ट मातीतून गाळून रंग काढतो, शेवटी वाफेने वास घालवतो. लाल तेल आत येतं, फिक्कट तेल बाहेर जातं. आयुष्यभर मी हेच पाहिलं. माझ्या लेखी लाल म्हणजे अजून खाण्यालायक न झालेलं.

एप्रिलमध्ये अफी व्हिसाच्या कागदांसाठी आठवडाभर हैदराबादला गेली. त्याच आठवड्यात मी तो डबा उघडला. एफएफएची टेस्ट केली. एफएफए म्हणजे तेलातली सुटी आम्लं. तेल जितकं बिघडलेलं, तितका आकडा मोठा. इथला आकडा असा आला की सरकीच्या तेलाचा टँकर असता, तर मी गेटवरूनच परत पाठवला असता. हातांनी काढलेल्या पामतेलात तो मोठाच असतो, आणि तिकडच्या लोकांच्या जिभेला तीच चव हवी असते, हे मला कुठे माहीत होतं? मी कुणाला विचारलंही नाही.

मिलचे शेठ राउंडवर आले होते. त्यांनी डब्यात डोकावून नाक दाबलं.

"ये क्या रखा है लॅब में? फेंक दो. लडकी खाके बीमार पडी तो जवाब कौन देगा?"

"शेठ, उसकी माँ का है."

"तो साफ करके दो ना. तुम काहे के केमिस्ट हो?"

हे मला पटलं. मी हुरळलोच म्हणा ना. संध्याकाळी घरी कुसुमला सांगितलं.

ती म्हणाली, "तिले फोन लावून इचारा ना आदी."

"काऊन? परत आल्यावर पाहील. खूश होईल पोरगी."

"अवो, तिची वस्तू हाय ते. तुमी काऊन हात लावून राह्यले?"

"तुला त्यातलं काही कळत नाही," मी म्हणालो. या वाक्याची मला आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी मी कामाला लागलो. आधी गाळ काढला. तो गाळ म्हणजे तिच्या आईने टाकलेला मसाला होता. मग सोड्याने धुतलं, मातीतून गाळलं, लॅबच्या छोट्या यंत्रात वाफ दिली. इतकं निगुतीने मी मिलचंही तेल कधी केलं नव्हतं. शेवटी काचेत धरलं तर पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं. डबाही गरम पाण्याने, सोडा घालून लख्ख धुतला आणि तेल परत भरलं.

अफी आली. मी डबा तिच्यापुढे सरकवला. तिने झाकण काढलं, वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं.

"सर, हे काय आहे?"

"तुझंच तेल. बिघडत होतं. मी रिफाइन केलं. आता वर्षभर काही होणार नाही."

तिने अगदी हळू विचारलं, "आधीचं थोडंसं ठेवलंत का?"

मिलमध्ये येणाऱ्या प्रत्येक टँकरमधली एक बाटली आम्ही हात न लावता बाजूला ठेवतो. पुढे भांडण झालं तर दाखवायला. हा नियम मीच तिला पहिल्या दिवशी शिकवला होता. या तेलाची बाटली मी ठेवली नव्हती. ते मिलचं नव्हतं, म्हणून सुचलंच नाही.

"नाही," मी म्हणालो.

"तू आमच्याकडे आणली होतीस, त्या छोट्या बाटलीत असेल ना?" मीच आशेने विचारलं.

"ती त्या रविवारीच संपली."

तिने झाकण उलटं केलं. आतल्या रबराच्या चकतीला थोडा लाल डाग राहिला होता. ते नाकाशी धरून ती बराच वेळ उभी राहिली. शेवटी "थँक यू, सर" म्हणून ती खोलीवर गेली. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ट्रेनिंग तिने पूर्ण केलं. सगळ्या टेस्ट बिनचूक करायची. जाताना मी माफी मागितली, तर म्हणाली, "तुम्ही चांगल्यासाठीच केलंत." तेल तिने नेलं नाही. झाकण नेलं.

आईच्या वर्षाच्या दिवशी अफीने एक फोटो पाठवला. पानात चवळी आणि वर लाल तेल. मी घाईघाईने विचारलं, हे कुठून मिळालं? तिने लिहिलं, बाजारातून विकत आणलं. आणि खाली आणखी एक ओळ होती. "भावांनी आईचं तेल मागितलं. मी सांगितलं, प्रवासात माझ्या हातून सांडलं. ते अजून माझ्यावर चिडलेत."

मी ती ओळ कुसुमला वाचून दाखवली.

मी आता रिटायर झालोय. तरी ओळखीतले लोक तेलाच्या, तुपाच्या, लोणच्याच्या बाटल्या घेऊन येतात, पाहून सांगा म्हणतात. मी पाहून सांगतो. आणि कुणी काही नुसतं ठेवायला दिलं, तर ठेवतो. झाकण उघडत नाही.