कोपरा नसलेलं पत्र

तरुणपणी माझा देवावर फारसा विश्वास नव्हता आणि टपालावर तर त्याहून नव्हता. गावच्या वाघजाई देवीला मी हात जोडायचे ते सासूबाई बघत असायच्या म्हणून. टपालाशी मात्र माझं उघड भांडण होतं. माझे यजमान वलवणच्या धरणावर खडकात सुरुंगाची भोकं पाडायचं काम शिकले, आणि धरण पुरं झाल्यावर तिथल्या मुकादमाबरोबर आफ्रिकेत आगगाडीच्या रुळांच्या कामाला गेले. लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. जाताना मला म्हणाले, "टपाल हाय की. म्हयन्याला पत्र लिवून घेत जाईन कुनाकडून तरी." मी त्यावर विसंबले, हीच माझी चूक झाली असं पुढे कितीतरी दिवस मला वाटत राहिलं.

पत्र मोंबासाहून बोटीने मुंबईला यायचं, मुंबईहून आगगाडीने लोणावळ्याला, आणि लोणावळ्याहून टपालवाल्याच्या पायांनी आमच्या कुरवंड्याला. दिवाळीत लिहिलेलं संक्रांतीला मिळालं तरी लवकर आलं म्हणायचं. कधी मागचं पुढे आणि पुढचं मागे. एकदा पत्र आलं, 'आता पाय बरा आहे, काळजी नसावी.' पाय मोडल्याचं पत्र दोन महिन्यांनी आलं. मधले दोन महिने सासूबाई रोज मला विचारायच्या, "अगं, पायाला झालंय काय त्याच्या?" जसं काही मी तिथे जाऊन बघून आले होते. मी तोंडाळ होतेच. म्हणायचे, "टपालवाल्याला इचारा, त्यो बी लंगडतच येतुया." पण त्या हसण्याखाली भीती असायची. माणूस साता समुद्रापलीकडे आणि मधे एवढासा कागद. तो भिजला, हरवला, कुणाच्या पिशवीत तळाला राहिला, की आमचं माणूसच हरवल्यासारखं व्हायचं.

मग मानमोडीची, त्या जीवघेण्या तापाची, साथ आली. मावळात घरंच्या घरं बसली. आमचं घर वाघजाईने राखलं असं लोक म्हणायचे. मी म्हणायचे, योगायोग. साथ सरली, पण यजमानांचं पत्र येईना. आठ महिने झाले. आम्ही शाळेतल्या मास्तरांकडून तीन पत्रं लिहवून घेतली, त्यांचंही उत्तर नाही.

ते पत्र आलं तेव्हा आम्ही सगळे खळ्यावर भात झोडत होतो. उन्हं चढली होती. टपालवाला एरवी लांबूनच हाळी देत यायचा, ओसरीवर बसून गूळपाणी घ्यायचा आणि पत्र वाचून दाखवायचा. त्या दिवशी तो खळ्याच्या कडेलाच थांबला. टोपी काढून हातात घेतली. सासरे पुढे झाले, त्यांना सारं गाव आबा म्हणायचं. टपालवाला त्यांच्याकडे न बघताच म्हणाला, "आबा, पत्र आलंया. पन कोपरा न्हाई त्येला."

आमच्याकडे मयताची खबर कळवणाऱ्या पत्राचा एक कोपरा फाडतात. असं पत्र उंबऱ्याच्या आत नेत नाहीत. बाहेरच वाचायचं, फाडून टाकायचं आणि घरच्यांनी अंघोळी करायच्या. आबांच्या हातातली भाताची पेंढी तशीच राहिली. सासूबाई खळ्याच्या मधेच खाली बसल्या आणि बसल्या बसल्या कलंडल्या. मी उभी होते. माझ्या कानांत काही शिरेना. एकच आठवतं, माझ्या पायाला भाताचं कुसळ टोचत होतं आणि मी वाकून ते काढत बसले.

"वाचा तरी," मी म्हणाले. सासऱ्यांसमोर मी असं कधी बोलले नव्हते.

टपालवाल्याने लखोटा फोडला. आतल्या कागदाचाही तोच कोपरा गेलेला, कात्रीने कापावा तसा. त्याने कागद उलटा केला, सुलटा केला. "हे बाळबोध न्हाई आन् मोडी बी न्हाई. गुजरात्याचं अक्षार हाय. मला न्हाई लागायचं."

आजवर त्यांची पत्रं चिपळूणकडचा एक सोबती लिहून द्यायचा. आता अक्षर परक्याचं आणि कोपरा कापलेला. म्हणजे तिथल्या कुणा व्यापाऱ्याने आपलं कर्तव्य म्हणून खबर धाडली असणार, हे सगळ्यांना न बोलता कळलं. आबा म्हणाले, "वाचून काय हुनार? कोपरा बोलला." आणि त्यांनी ते पत्र ओढ्यात सोडायला सांगितलं.

ते पत्र मी टपालवाल्याच्या हातातून घेतलं. म्हणाले, मी सोडते. कुणी आडवं आलं नाही, तो माझाच हक्क होता. बायका सासूबाईंच्या तोंडावर पाणी मारत होत्या. शेजारची एक वयस्कर मावशी तेवढी माझ्या मागोमाग निघाली. ओढ्यावर माझा चुडा फोडायचं काम तिच्याकडे आलं होतं. तिच्याइतकी मायाळू बाई गावात दुसरी नव्हती, आणि वाटेत ती वाकून वाकून हातात मावेल असा दगड शोधत होती. ते दृश्य अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

ओढ्याच्या काठावर वाघजाईचं ठाणं आहे. देऊळ नाही, झाडाखाली शेंदूर लावलेला बिनघडवलेल्या दगडाचा तांदळा. मी मावशीला म्हणाले, "वाईच थांब, देवीला सांगून येते." खरं म्हणजे मला सांगायचं नव्हतं, भांडायचं होतं. मी तिच्यापुढे बसले आणि जे तोंडाला आलं ते बोलले. साथीत आम्हाला राखलंस ते काय ह्याच्यासाठी, असं विचारलं. मग बोलणं संपलं. रडूही येईना. अंगातला सगळा ताठा एकदम गळून गेला आणि मी डोकं त्या शेंदरावर टेकलं. नवरा परत दे, असं मी म्हणाले नाही. तेवढं मागायची हिंमतच उरली नव्हती. म्हणाले, आई, जे असंल ते असू दे, मी घेईन. नुसतं मला हे वाचून दाखव. न वाचता मला रांड करू नको.

किती वेळ गेला कोण जाणे. नागफणीच्या डोंगराकडच्या वाटेवरून माणसांचा आवाज आला. लोणावळ्याच्या बंगल्यांत हवापालटाला येणारी शेठ मंडळी कधी कधी खुर्चीत बसून डोंगराची टोकं बघायला जात. तशी एक खुर्ची चौघं भोई घेऊन चालले होते. ठाण्याच्या समोर आले आणि खुर्चीची एक दोरी तटकन तुटली. त्यांनी घाईघाईने खुर्ची खाली टेकली. खुर्चीत एक म्हातारी पारशीण, डोक्याला पांढरा रुमाल, गळ्यात साखळीला चष्मा. भोई दोरी सांधायला लागले आणि बाई उतरून सावलीत आली, थेट माझ्याजवळ.

"पानी मिळेल काय थोडा?" तिने विचारलं. मावशीने ठाण्यावरचा तांब्या ओढ्यातून भरून आणला, दुसऱ्या हातात दगड तसाच. पाणी पिता पिता तिची नजर माझ्या हातातल्या कागदावर गेली. "आ कोणाचा कागद हाय? रडते कशाला?"

मी रडत आहे हे मला तिच्याकडून कळलं. मी कागद पुढे केला. मावशी म्हणाली, "नगा हात लावू बाई, मयताचं हाय." पारशिणीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं, चष्मा लावला, आणि पहिल्या ओळीलाच म्हणाली, "गुजराती! मयताचं कोण बोलला? आ तर जीवता माणूस बोलते हाय."

मला पुढचं नीट सांगता येत नाही. मावशीच्या हातातला दगड पडला, तो माझ्या पायाच्या बोटावर पडला, आणि मला तो दुखला नाही. मी बाईंचे पाय धरले. "पुन्हा वाचा," एवढंच म्हणत राहिले.

तिने तीनदा वाचलं, आपल्या मोडक्या मराठीत. चिपळूणचा सोबती देशाला परत गेला म्हणून कारकुनाकडून लिहवून घेतो आहे, असं आरंभीच होतं. रुळांचं काम पुढे सरकलं, तसा तळ रानात लांब हलला. चार पत्रं धाडली, एकाचंही उत्तर नाही. इथे माणसं सांगतात की देशावर मोठी साथ आली, मावळात गावं ओस पडली. 'आबा, आई, तुम्ही कुणी आहात की नाही? फाल्गुनापर्यंत वाट बघतो. उत्तर आलं नाही तर माझं कुणी उरलं नाही असं समजून तुमच्या सगळ्यांच्या नावाने नदीत पाणी सोडीन, आणि पुढच्या पाच वर्षांच्या करारावर अंगठा देईन.'

हे ऐकल्यावर मला पहिल्यापेक्षा मोठा धक्का बसला. ते तिकडे आम्हाला मेलेले समजून बसले होते आणि आम्ही इकडे त्यांना. हा कागद ओढ्यात गेला असता तर दोन्हीकडे जिवंत माणसांच्या नावाने पाणी पडलं असतं, आणि कुणाला कधी कळलं नसतं.

"आणि कोपरा?" मी विचारलं. बाईने लखोटा उलटसुलट पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अरे, टिकिट कापून घेतला कोणी! आफ्रिकानी टिकिट. आमचा जावई पण जमवते असा, पिसा हाय." मुंबई ते मोंबासा, कुठल्या शौकिनाच्या कात्रीने ते केलं ते आम्हाला कधी समजलं नाही. टपालवाल्याला मी सांगितलं तेव्हा त्याने पिशवीतला एक लखोटा काढून पाहिला. मग म्हणाला, "जल्म ह्या कामात गेला माझा. तिकीट कंच्या कोपऱ्याला असतंय त्ये माझ्या बी ध्यानात न्हाई आलं बग."

दुसऱ्या दिवशी मी आणि आबा लोणावळ्याला बाईंच्या बंगल्यावर गेलो. उत्तर त्यांनीच लिहिलं, आणि नवीन तळाचा पत्ता त्या कागदावरून इंग्रजीत उतरवला. काय लिहू, असं त्यांनी आबांना विचारलं. खळ्यावर दहा माणसांना गप्प करणारा तो माणूस बंडीची गुंडी घालत काढत बसला. शेवटी म्हणाले, "लिवा, आमी हाये. समदी हाये. तू ये." मग लखोट्याच्या चारी कोपऱ्यांना त्यांनी स्वतः कुंकू लावलं, आणि तिकीट कोपऱ्याला नको, मधोमध लावा म्हणून हटून बसले. बाई हसून हसून बेजार झाल्या, पण तिकीट त्यांनी मागच्या बाजूला मधोमध लावलं.

ते पत्र मीच पेटीत टाकलं. हात सुटेना. आत पडल्याचा बारीकसा आवाज आला आणि माझ्या लक्षात आलं की आता ह्यात माझं काही चालत नाही. बोट चालवणारा निराळा, पिशवी उचलणारा निराळा, रानातल्या तळावर हाक मारून देणारा निराळा. यांतल्या एकाचंही तोंड मी बघणार नव्हते. वर्षानुवर्षं मी याच गोष्टीवर चिडत आले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मी पेटीला हात जोडले. परत येताना वाघजाईपाशी बसले, पण काही मागितलं नाही. मागायचं ते ओढ्याकाठी मागून झालं होतं. त्या बाईंना मी नंतर कधी पाहिलं नाही, पुढच्या साली तो बंगला दुसऱ्या कुणी घेतला होता. खुर्चीची दोरी तिथेच का तुटली, हे मी कुणाला समजावत बसत नाही. दोरी जुनी होती असं भोईच म्हणाले, आणि ते खरंच असेल.

पुढे लेकीच्या पाटीवर मी अक्षरं शिकले, म्हणून हे माझ्या हाताने लिहिते आहे.

आमचं उत्तर मिळताच निघालेले यजमान आले ते चैत्र संपता संपता, येतो म्हणून धाडलेल्या पत्राच्याही आधी. एका दुपारी उंबऱ्याशी उभे राहिले. काळे ठिक्कर पडलेले, दाढी वाढलेली. सासूबाईंनी त्यांच्या तोंडावरून हात फिरवायला सुरुवात केली ती बराच वेळ थांबवलीच नाही. मी आत चुलीपाशी पळाले आणि हातातल्या बांगड्या मोजत बसले, सगळ्या होत्या.

आठ दिवसांनी टपालवाला आला. येतो आहे म्हणून कळवणारं त्यांचं पत्र त्याच्या हातात होतं, माणूस येऊन पोचल्यावर. आणि त्याचाही कोपरा कापलेला. टपालवाला अंगणातच घुटमळला. तसा कागद आमच्या घराच्या आत कधी आला नव्हता. आबा उठले, त्यांनी तो दोन्ही हातांत घेतला, उंबरा ओलांडून आत आले आणि देवघरात देवांपुढे ठेवला. वर हळदकुंकू वाहिलं. ते पत्र अजून माझ्याजवळ आहे, गुजरातीतच आहे. त्यात काय लिहिलंय ते आम्ही कधी कुणाकडून वाचून घेतलं नाही. ते धाडणारा माणूस ओसरीवर जेवत बसला होता, आणि मी त्याला दुसऱ्यांदा भात वाढत होते.