फळीला हलायला जागा

गुंडोचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. गजर लावलेला नसायचा. तेवीस वर्षं पहिली पाळी केलेल्या माणसाला गजर लागत नाही. साडेपाचला चामराजपेटच्या कोपऱ्यावर कारखान्याची बस, सहाला हजेरी, मग टूलरूममध्ये फिटरचं काम. लोखंडाचे दोन भाग असे बसवायचे की मधून केस जाता कामा नये. चुकलं की तुकडा भंगारात आणि माणूस फोरमनपुढे. गुंडो फोरमनपुढे कधी उभा राहिला नव्हता.

अडीचला पाळी सुटायची. चारला तो गच्चीवर पत्र्याच्या आडोशाला असायचा. तिथं त्याचं दुसरं काम चाले, लाकडाचं. कुणी शिकवलं नव्हतं. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्या फोडून त्यानं आधी पाट केले, मग स्टूल, मग मिसळणाचा डबा. रंधा दहा मिनिटं मारायचा असला तरी पात्याला धार लावायला तो अर्धा तास घ्यायचा. बोथट पात्यानं लाकूड निघत नाही, ओरबाडलं जातं, आणि खांदा मात्र दुप्पट दुखतो.

अठ्ठ्याण्णव साली मुलगी रूपश्री लग्न होऊन बनशंकरीला गेली. तिच्यासाठी त्यानं सिल्व्हर ओकचं कपाट केलं, दोन दारांचं. फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या हवेत सहा आठवडे, रोज अंधार पडेपर्यंत. दाराची चौकट चार पट्ट्यांची. पट्ट्यांना आतून खाच आणि खाचेत मधली रुंद फळी. प्रत्येक माप त्यानं कारखान्यातल्यासारखं व्हर्निअरनं, केसाएवढा फरक दाखवणाऱ्या मापकानं, घेतलं. फळी खाचेत इतकी घट्ट बसवली की लाकडी हातोडीनं ठोकूनच आत गेली. वर सरसही लावला.

व्याही विश्वासराव बँकेतून निवृत्त झालेले. येईल त्याला कपाट दाखवायचे. "आमच्या व्याह्यांनी स्वतःच्या हातानं केलंय. सांधा शोधून दाखवा!"

सांधा जुलैत सापडला.

पाऊस लागून तीन आठवडे झाले होते. एका रविवारी रूपश्री माहेरी आली. तिनं आधी चहा टाकला. मग म्हणाली, "अप्पा, दार लागत नाही."

"कुठलं?"

"दोन्ही."

गुंडो तसाच बसनं बनशंकरीला गेला. चारही कोपऱ्यांतले सांधे उघडले होते. रुपयाचं नाणं आत जाईल एवढी फट. चौकट फाकून दारं एकमेकांवर चढली होती. रूपश्रीनं ती परकराच्या नाडीनं बांधून ठेवली होती. ती नाडी बघून गुंडोला बसायला सांगितलं तरी बसवेना.

विश्वासराव सज्जन माणूस. म्हणाले, "मनाला लावून घेऊ नका हो, गुंडोराव. हौसेचं काम ते. चतुर्थीला पाहुणे येतात, तोवर एक लोखंडी कपाट आणू."

"चतुर्थीपर्यंत थांबा," गुंडो म्हणाला. "नाही जमलं तर कपाट मीच उचलून नेईन. आणि हत्यारं देऊन टाकीन. पुन्हा लाकडाला हात लावणार नाही."

बाप बोलतो ते करतो, हे रूपश्रीला माहीत होतं. सहा आठवडे उरले होते.

चूक कुठं झाली तेच त्याला कळेना. कळली असती तर त्यानं रात्रीचा दिवस केला असता. माप तर सगळं बरोबर होतं.

गल्लीच्या तोंडाशी वेणुगोपालचं सुतारकामाचं दुकान. गुंडोनं त्याला विचारलं. वेणुगोपालनं हातातली पटाशी खाली ठेवली आणि पोट धरून हसला.

"व्हर्निअर? अण्णा, लाकडाला व्हर्निअर लावलात? आता थर्मामीटरही लावून बघा, ताप आला असेल."

"हसून झालं की सांग."

"सांगितलं की तुम्ही उद्या शेजाऱ्याला कपाट करून देणार, तेही फुकट. मग मी काय खाऊ? भुसा?"

गुंडो परत आला. वेणुगोपालचं म्हणणं त्याला चुकीचं वाटलं नाही. ज्याचं पोट त्यावर, तो विद्या वाटत कशाला फिरेल? पण त्यानं आपलं कोडं सुटत नव्हतं.

बायको सुलभा तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "वेणुगोपाल सांगत नाही तर दुसऱ्या कुणाला विचारा. कृष्णवेणीअक्कानं पाटी लावलीय नवी. जगात कुठंही पत्र जातं म्हणे, दमडीचं तिकीट न लावता."

कृष्णवेणीअक्काची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती. रूपश्री तिथंच टायपिंग शिकलेली. आठ टाइपरायटर आणि कोपऱ्यात प्लास्टिकचं आवरण घातलेला एक कॉम्प्युटर. गुंडोनं कन्नडमधून अडचण सांगितली. अक्कानं फोनची लाइन जोडली. यंत्र बराच वेळ कुरकुरलं, किंचाळलं, लाइन दोनदा तुटली. तिसऱ्यांदा लागली.

बराच शोध घेऊन अक्का म्हणाली, "हे बघा, अण्णा. एक मंडळी आहे. हौसेनं लाकूडकाम करणारे लोक. एकानं पत्र टाकलं की सगळ्यांना जातं. तीनशेच्या वर आहेत."

"सुतार?"

"नाही हो. डॉक्टर, ड्रायव्हर, मास्तर. तुमच्यासारखेच." तिनं चष्मा वर सरकवला. "पण एक नियम आहे. नवीन येणाऱ्यानं आपलं नाव सांगायचं आणि आपण काय बिघडवलं ते आधी सांगायचं."

"काय केलं ते?"

"काय बिघडवलं ते."

गुंडो उठून उभा राहिला. तेवीस वर्षांत त्यानं पाहिलं होतं, बिघडलेला तुकडा लोक डब्यात घालून घरी न्यायचे, पण कबूल करायचे नाहीत. "अक्का, माझी फजिती मी परदेशात सांगू?"

"इथं सांगून झालीच आहे की वेणुगोपालला. तो तर सगळ्या गल्लीला सांगेल. स्वल्प, थोडं बसा. बोला, मी इंग्रजी करते."

तो बसला. बोलताना मात्र त्यानं काही लपवलं नाही. मी फिटर आहे, सुतार नाही. व्हर्निअरनं मापं घेतली. फळी ठोकून बसवली, सरस लावला. पावसात दारं फुगली. मुलीनं ती नाडीनं बांधली आहेत. अक्का नाडीपाशी थांबली.

"नाडी कशाला लिहायची?"

"खरं आहे ते. लिहा."

दुसऱ्या दिवशी पाळी सुटल्यावर तो घरी न जाता थेट इन्स्टिट्यूटमध्ये गेला. अक्का प्रिंटरमधून कागद ओढत होती. कागद संपता संपेना.

"अकरा उत्तरं आलीत, अण्णा."

"हसले का?"

"एक हसलाय. थांबा, त्याचंच आधी वाचते." ती वाचू लागली. "'माझं नाव वॉल्टर. मी चाळीस वर्षं इंजिनच्या कारखान्यात लेथ चालवला. माझं पहिलं कपाट असंच फुटलं. मीसुद्धा व्हर्निअर वापरला होता. आज पत्र वाचून मी इतका हसलो की बायको बघायला आली. तिला म्हटलं, माझ्यासारखाच दुसरा सापडला. या, बसा.'"

गुंडोनं कागद हातात घेतला. इंग्रजी त्याला अडखळत वाचता यायचं. शेवटचे दोन शब्द त्यानं स्वतः वाचले, आणि खरोखरच खुर्ची ओढून बसला. हात वाईट नव्हते. माप चुकीचं नव्हतं. लोखंडाचा कायदा त्यानं लाकडाला लावला होता, एवढंच.

पुढच्या पत्रांत तो कायदा होता. लाकूड पावसात रुंदीला वाढतं, उन्हाळ्यात आकसतं. त्याला कुणी अडवू शकत नाही. अडवलं तर ते चौकट फोडून वाढतं. म्हणून मधली फळी खाचेत सैल ठेवायची. सरस फक्त कोपऱ्यांच्या सांध्यांना, फळीला थेंबही नाही. एका मास्तरनं विचारलं होतं, लाकूड कोणतं, तुमच्याकडे पाऊस कोणत्या महिन्यात, कपाट कोणत्या महिन्यात केलं. जुन्या खुर्च्या दुरुस्त करणाऱ्या एका बाईनं लिहिलं होतं की काही मोडू नका, गरम पाण्यात पिळलेलं फडकं सांध्यावर ठेवा, सरस सुटेल. कुणी त्याला कोणाचा मुलगा, कुठल्या दुकानात शिकलास, असं विचारलं नाही. प्रश्न होते ते सगळे कपाटाबद्दल.

रविवारी गुंडोनं दारं काढून टेम्पोनं गच्चीवर आणली. फडकी उकळली, पिळली, सांध्यांवर ठेवली. दुसऱ्या तासाला पहिला सांधा सुटला. खाचेत चिकटलेली फळी सोडवायला आणखी तीन संध्याकाळी गेल्या. मग खाच खोल करायची होती, म्हणजे उन्हाळ्यात आकसलेली फळी बाहेर निसटणार नाही. आठ पट्ट्या, अरुंद पटाशी, रोज एक पट्टी. घाई केली असती तर कड तुटली असती. फळीच्या दोन्ही कडा त्यानं रंध्यानं कमी केल्या. हात सवयीनं व्हर्निअरकडे गेला. त्यानं तो परत डब्यात ठेवला आणि पोस्टकार्ड दुमडून त्याच्या जाडीनं अंतर पाहिलं.

एक गोष्ट अडली. फळीला तेल आधी लावायचं की नंतर? अक्काकडे जाऊन त्यानं विचारलं. सकाळपर्यंत चार जणांचं एकच उत्तर होतं. आधी, आणि कडांनासुद्धा. नाहीतर उन्हाळ्यात फळी आकसली की कडेला कोरी पांढरी रेघ दिसेल. हे त्याला सुचलंच नसतं.

चतुर्थीच्या पाच दिवस आधी दारं बसली. त्या आठवड्यात पाऊस उघडला नाही. चतुर्थीच्या आदल्या दिवशी, तिकडच्या गौरीला, सकाळी गुंडो आणि सुलभा बनशंकरीला गेले. विश्वासरावांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. दोन्ही दारं बोटाच्या धक्क्यानं मिटली. त्यांनी कान लावला, मग मधल्या फळीवर अंगठा ठेवून दाबून पाहिलं.

"ही हलतेय की हो, गुंडोराव!"

"हलू द्या. हलायलाच ठेवलीय."

"म्हणजे सैल?"

"सैल नाही. जागा ठेवलीय तिला."

विश्वासरावांना कळलं की नाही कोण जाणे, पण पाहुणे आले तेव्हा तेच प्रत्येकाला फळी दाबून दाखवत होते आणि जागेचं महत्त्व सांगत होते, जणू कपाट त्यांनीच केलंय. रूपश्री स्वयंपाकघरातून बाहेर आली. वडिलांच्या पानात तिनं आणखी एक गोड कडुबू वाढला. म्हणाली, "अप्पा, हत्यारं कुणाला द्यायची म्हणत होता?"

"खाऊ दे मला," गुंडो म्हणाला.

परतीच्या बसमध्ये त्याला झोप लागली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदाच, आणि इतकी गाढ की चामराजपेट आल्याचंही त्याला कळलं नाही. सुलभानं कोपर मारून उठवलं.

मग तो आठवड्यातून एकदा अक्काकडे जाऊ लागला. कुणाचं काय बिघडलं ते ऐकायचं आणि माहीत असेल तिथं दोन ओळी लिहायच्या. वेणुगोपालनं एकदा रस्त्यात अडवून विचारलं, "दारं उभी आहेत का अजून?" आहेत म्हटल्यावर "सरी, सरी, बरं झालं" म्हणाला आणि बिडी पुढं केली. मार्च आला, हवा कोरडी झाली. गुंडोनं मुद्दाम जाऊन पाहिलं. फळ्या आकसल्या होत्या. पांढरी रेघ कुठंच नव्हती.

त्या वर्षी कारखान्यात जादा काम निघालं. गुंडोनं चार महिने रविवारच्या पाळ्या केल्या. पाय सुजायचे, पण पाळी चुकवली नाही. ते पैसे हातात आल्यावर तो म्हैसूर रोडच्या वखारीत गेला. आजवर त्यानं तिथं सागवानाला हातही लावला नव्हता. बिघडलं तर, ही भीती असायची. त्यानं अर्धा दिवस घालवून रेषा बघून सहा सागवानी फळ्या निवडल्या आणि एकेक करून स्वतः गच्चीवर चढवल्या. मध्ये काड्या ठेवून, हवा खेळेल अशा त्या रचल्या, आणि पुढचा पावसाळा सरेपर्यंत त्यांना फुगू-आकसू दिलं, करवत लावली नाही.