पुतळ्याच्या गळ्यातला काटा

त्या गावातला प्रकार मी आजही विसरलेलो नाही. नोकरीत मी दरोडेखोर पाहिले, खुनी पाहिले. पण भ्यालेल्या गावाइतकं भयंकर काही पाहिलं नाही. गाव चौसाळ्याच्या बाजूचं, एवढंच सांगतो. नावं कुणाचीच सांगणार नाही.

निजामाचं राज्य होतं. आज ज्याला फौजदार म्हणतात त्याला तेव्हा अमीन म्हणत. मी ठाण्याचा अमीन होतो. सोलापूरकडचे एक मास्तर त्या गावच्या धर्मशाळेत चित्रकलेचे आणि मातीकामाचे वर्ग घेत. शिकणाऱ्यांची कामं मांडून त्यांनी तिथेच प्रदर्शन भरवलं. मधोमध पाटलाचा मातीचा अर्धपुतळा होता. पाटलानं हौसेनं समोर बसून तो करवून घेतला होता. पुढे तो दगडात उतरवायचा, म्हणून मापं घ्यायला मास्तरांनी त्यात जागोजागी बांबूच्या बारीक काड्या खोचल्या होत्या.

इथेच घात झाला. आमच्याकडे माणूस दगडात कोरतात तो मेल्यावर. वेशीजवळच्या वीरगळांवर जिवंत माणूस कुणी पाहिलेला नाही. त्यात या टोचलेल्या काड्या! लोक कुजबुजू लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुतळ्याच्या गळ्यात बाभळीचा काटा रुतलेला सापडला. तो पाहून पाटील घरी गेला तो अंथरुणालाच खिळला. पाण्याचा घोटही त्याला गिळता येईना.

सकाळी गावचा जागल्या धापा टाकत ठाण्यावर आला. "अमीनसाब, लौकर चला. मास्तरानं भानामती केली म्हनत्यात. पाटील गेला तर मास्तराला जित्ता जाळनार हायेत."

दोन जवान घेऊन मी घोडं पिटाळलं. धर्मशाळेपुढे सारं गाव जमलं होतं. हातांत कुऱ्हाडी, बाजूला कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. कुणी ओरडत नव्हतं. ओरडणाऱ्या जमावाला दटावता येतं. गप्प जमावापुढे दटावणी चालत नाही. मीही भ्यालो, पण पोलिसानं भ्यायचं ते वर्दीच्या आत.

"बाहेर काढा बे त्याला," एक जण हळूच म्हणाला.

"तो सरकारचा कैदी आहे," मी म्हणालो. "त्याला हात लावील त्याला मी सोडणार नाही."

मास्तरांना मी बेड्या घातल्या, कारण त्या घटकेला त्यांचा जीव बेड्यांतच सुरक्षित होता. जवानांना दारात उभं करून आत जबाब घेतला. मास्तर म्हणाले, "काड्या माझ्या आहेत, साहेब. काटा माझा नाही."

खोटं बोलणाऱ्यानं काड्याही नाकारल्या असत्या. मला त्यांचं बोलणं पटलं.

मग मी पुतळा नीट पाहिला. माती सुकू नये म्हणून मास्तर त्यावर ओलं फडकं टाकत, त्यामुळे ती मऊच होती. काट्याच्या खाली, खांद्यावर, टेकवलेल्या मनगटाचा ठसा होता आणि त्यात पाटलीवरची वेलबुट्टी उमटली होती. प्रदर्शनात दुपारची वेळ बायकांसाठी राखलेली असे. आणि सोन्याच्या पाटल्या त्या गावात एकाच घरात होत्या. बाहेरच्या लोकांना हा ठसा दिसला असता, तर मास्तर सुटले असते आणि कडब्यावर एक बाई गेली असती.

जबाबाच्या निमित्तानं मी पाटलाच्या घरी गेलो. ओसरीवर पाटलीणबाईंनी पदर पुढे ओढून पाणी आणलं. पाटल्यांवर नक्षी तीच होती. पाटल्यांच्या वर कोपरापर्यंत काळेनिळे वळ होते. माझी नजर त्यांनी ओळखली. हातातला तांब्या त्यांनी खाली ठेवला.

"जित्या मानसापुढं तोंड उघडता येत न्हाई, अमीनसाब," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "म्हनलं, मातीचा तरी गळा धरावा. खरंच असं व्हईल हे काय ठावं? मला धरा. त्या मास्तराला काहून मारत्यात?"

मातीत काटा रोवणं कुठल्याही कायद्यात गुन्हा नव्हता. मी धर्मशाळेत परतलो, अंगठा ओला करून ठसा पुसला आणि पुतळा साऱ्या गावादेखत पाटलाच्या खाटेपाशी आणवला.

"पाटील, इकडे बघा." मी काटा उपटला, मोडला आणि मातीतलं भोक बोटानं बुजवलं. पाटलानं स्वतःच्या गळ्यावरून हात फिरवला. बायकोनं तोंडाला तांब्या लावला. एक घोट गेला, मग दुसरा. अंगणात कुणीतरी मोठ्यानं श्वास सोडला आणि कुऱ्हाडी खाली आल्या. मास्तरांना मी बेड्यांतच बीडला नेलं आणि तिथून सोडून सोलापूरच्या वाटेला लावलं.

निघताना पाटलानं माझा हात घट्ट धरला होता. "कोन व्हतं, अमीनसाब?"

खाटेमागे पाटलीणबाई उभ्या होत्या.

"काटा मास्तरांचा नव्हता. तपास चालू आहे," मी म्हणालो. "तुम्ही ज्याला ज्याला दुखवलंय, त्यातलं कुणीही असेल."

माझी बदली होईपर्यंत तो तपास चालूच राहिला. पाटील पुढे बरीच वर्षं जगला, पण घरात त्यानं पुन्हा कुणावर हात उचलला नाही, गड्यांनाही शिवी दिली नाही. लोक म्हणत, दुखण्यानं माणूस सुधारला. मी मान डोलवायचो. गुन्हेगार हुडकणं हे पोलिसाचं काम खरं, पण तो सापडला की फिर्यादी निर्धास्त होतो, आणि हा माणूस निर्धास्त असताना काय करतो ते मी पाटलीणबाईंच्या हातांवर पाहिलं होतं. त्या घरात भीती आधीपासूनच होती. मी ती फक्त एकीकडून काढून दुसऱ्याकडे दिली.