इंद्रभानची एका बैलाची बंडी

"जरा मोठं कर," असं कुणी म्हटलं की इंद्रभानचं डोकं फिरायचं. वायुसेनेत तो नॅट नावाच्या लढाऊ विमानांच्या दुरुस्तीवर होता. नोकरीची मुदत संपवून चौऱ्याहत्तर साली गावी आला आणि बौद्धपुऱ्यातल्या घरापुढे छपरी टाकून ऑइल इंजिनं दुरुस्त करू लागला. आम्हाला वाटायचं, लढाईचं विमान म्हणजे केवढं धूड असेल! तो म्हणायचा, "तीस फूटही लांब नाही. दोन बैलबंड्या एकामागं एक उभ्या करा, झालं."

"मंग मोठं काहून नाही केलं? तेल जास्त मावलं असतं," रंगरावनं एकदा विचारलं. रंगराव माझा चुलतभाऊ. देवानं केलेल्या गोष्टींतही त्याला दुरुस्ती सुचते.

"तुमी बंडी घेऊन दूर निघाले तर बैलाईसाठी कडबा जास्त घ्याल. कडब्यासाठी बंडी मोठी. मोठ्या बंडीले आणखी एक जोडी. आन् त्या जोडीले कडबा?" लोक हसू लागले. "विमानाचं तसंच हाये. तेल वाढवलं का पंख वाढते, पंख वाढले का इंजिन वाढते, आन् मोठं इंजिन अजून तेल पेते. लहान ठेवलं तर चटकन वळते, दुश्मनाले लवकर दिसत नाही. पण लांब जात नाही, आन् दुरुस्तीले हात घालाले जागा राहत नाही." मग तो सोलवटलेली बोटं दाखवायचा. "फुकट काहीच भेटत नाही, भाऊ."

मी हसलो नाही. माझं दुखणं नेमकं हेच होतं. विहिरीच्या कामात पडून माझा डावा गुडघा कायमचा ताठ झालेला, आणि दुष्काळात जोडीतला एक बैल मेलेला. आमचा भाजीचा मळा, रिसोडचा बाजार तीन कोस. बायको, जिजाबाई, डोक्यावर एक टोपली घेऊन पायी जायची आणि बाकीची वांगी झाडावरच जून व्हायची. एकटा बैल काय कामाचा, विकून टाका, मळा सोडा, असं सगळे सांगत होते. तसं केलं असतं तर जिजाबाई मजुरीला गेली असती आणि मी ओट्यावर बसून माशा मारल्या असत्या.

म्हणून मी इंद्रभानच्या छपरीत गेलो. खरं तर जायला तोंड नव्हतं. त्याच्या बापाला माझा बाप वरून पाणी ओतायचा, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं आणि गप्प बसलो होतो. इंद्रभाननं स्टूल पुढं केलं. "बसा पुंजाजीभाऊ. पाय लांब करा," म्हणाला.

एका बैलाची बंडी आमच्याकडे कुणी पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी तो मळ्यात आला, बैलाच्या पाठीवरून हात फिरवला, किती कोस, किती टोपल्या ते विचारलं आणि काडीनं मातीत आकृती काढली. जड चाकांऐवजी भंगारातली लहान रबरी चाकं, बाजूला बांबूच्या पट्ट्या. तरी एका बैलाला झेपेल असं ओझं जेमतेमच निघत होतं.

रंगराव होताच. "पुंजाजीले घरी ठेवा ना! वहिनी बैलासंगं पायी चालतीन. याच्या जागी पाच टोपल्या जास्त जातीन."

त्याचं चुकत नव्हतं. "बरोबर हाये," मी म्हणालो. जिजाबाई खाली बघत राहिली.

इंद्रभान उठला आणि त्यानं ती आकृती पायानं पुसून टाकली. "रंगरावभाऊ, ते विमान लहान करताना सगळं कापलं. तेल कापलं, आमच्या हाताची जागा कापली. पण चालवणारा नाही कापला. त्याले बसवलं, आन् बाकीचं त्याच्या भवती मांडलं. पुंजाजीभाऊ, बसा इथं."

मी मातीत बसलो. त्यानं माझ्या कमरेपासून ताठ पायाच्या अंगठ्यापर्यंत काडीनं रेघ ओढली. माझी बैठक बरोबर चाकांच्या आसावर आली, म्हणजे माझा भार बैलाच्या मानेवर येणार नव्हता. उरलेल्या जागेत टोपल्या मोजल्या. दहा. पंधराच्या दहा झाल्या, आणि मी रडलो. सगळ्यांसमोर रडलो, लाज वाटली नाही. दोन वर्षं मी या घरात ओझं होतो. त्या माणसानं मला चालवणारा धरलं. त्याचे उपकार मी विसरलो तर माझ्यासारखा करंटा मीच.

महिनाभरात बंडी झाली. गावातली पोरं हसली, बैल मात्र हसण्यावारी न नेता मुकाट चालला. आता जिजाबाईला बाजारात जायची गरज उरली नाही, ती मळ्यात दुसऱ्या दिवसाचा माल तोडू लागली.

पहिल्या बाजाराच्या सकाळी तिनं कासरा माझ्या हातात दिला, टोपल्यांवर ओलं फडकं नीट केलं आणि म्हणाली, "सांभाळून जा जी."

दोन वर्षांत मी गाव सोडून कुठं गेलोच नव्हतो, त्यामुळे तिला असं म्हणायची वेळच आली नव्हती.