खिडकीतून आलेलं बाळ

गेल्या शनिवारी स्वारगेटहून एसटीनं साताऱ्याला निघालो होतो, बहिणीकडे. लग्नसराई, त्यात सुट्टी... गाडी फलाटाला लागायच्या आतच लोक तिच्याबरोबर पळत होते. मी कसाबसा आत घुसलो आणि खिडकीची जागा पटकावली.

खिडकीतून जागा धरायची आपली पद्धत सगळ्यांना माहीत आहे. रुमाल येतो, पिशवी येते, एकदा तर एका आजोबांनी डोक्यावरची टोपी काढून टाकलेली पाहिली आहे. त्या दिवशी माझ्या खिडकीतून बाळ आलं...

खरंच सांगतो. खाली पंचविशीतली एक बाई, पाठीला सॅक, कडेवर बाळ. "दादा, धरा जरा. शेजारची जागा ठेवा, मी दारातनं येते," म्हणाली आणि दिलंसुद्धा माझ्या हातात! मी पुण्याच्या शनिवार पेठेतला माणूस. कुणी 'धरा जरा' म्हटलं की आधी 'का?' विचारायची सवय. पण त्या वेळी 'का?' म्हणेपर्यंत बाळ माझ्या मांडीवर होतं.

बाळ सात-आठ महिन्यांचं असेल. मी शेहेचाळीस वर्षांचा, सडाफटिंग. ते माझ्याकडे बघत होतं, मी त्याच्याकडे... दोघांत जास्त कोण घाबरलं होतं, सांगता येणार नाही.

तेवढ्यात एक गृहस्थ शेजारी आले. जागा धरली आहे म्हटलं, तर "कुणी?" असं विचारत त्यांनी बूड टेकलंच. मग घंटी वाजली, दार लागलं, गाडी हलली... आणि खाली ती बाई गर्दीतून हात वर करून पळताना दिसली.

"अहो, थांबवा! बाळाची आई खाली राहिली!" असं मी बोंबलत होतो, पण उभ्या माणसांची एवढी दाटी की कंडक्टरपर्यंत आवाज जाईना. निरोप ड्रायव्हरपर्यंत पोचेतो गाडी पद्मावतीला आली होती.

गाडी कडेला लागली. बाळानं एव्हाना भोकाड पसरलं होतं. कंडक्टर विचारू लागला. बाळ कुणाचं? माहीत नाही. आई कोण? माहीत नाही. मग तुमच्याकडे कसं आलं? "खिडकीतून..." हे शंभर टक्के खरं होतं, पण बोलताना माझं मलाच खोटं वाटलं.

शेजारच्या गृहस्थांनी मोबाइल काढून माझं शूटिंग सुरू केलं. मागून कुणीतरी म्हणालं, "असेच असतात हे, दिसायला सभ्य." एका काकूंनी बाळ माझ्या हातातून काढून घेतलं आणि दोन धट्टेकट्टे तरुण दाराशी जाऊन उभे राहिले... माझ्यासाठी!

मुलं पळवणाऱ्यांचे मेसेज सगळ्यांच्याच मोबाइलवर येतात. त्या मेसेजमधला माणूस आता मी होतो. ती बाई आलीच नाही तर... याच्या पुढे डोकं चालेना.

कंडक्टर तेवढा शांत होता. तो स्टँडवर फोन लावत असतानाच मागून एक रिक्षा येऊन करकचून थांबली. तीच बाई! धावत वर चढली, बाळाला छातीशी धरलं आणि ढसाढसा रडली. दारात रेटारेटी, 'मागून दुसरी गाडी आहे' म्हणत तिला खालीच ठेवलेलं, आणि 'बाळ आत आहे' हे तिचं ओरडणं त्या गोंगाटात कुणालाच ऐकू गेलं नव्हतं.

काकूंनी माझ्याकडे बोट दाखवून तिला विचारलं, "यांना ओळखतेस का गं?"

"नाही. पण मीच दिलं होतं त्यांच्याकडं."

शूटिंग बंद झालं. सॉरी वगैरे कुणी म्हणालं नाही. शेजारचे गृहस्थ मात्र मुकाट्यानं उठले आणि तिला जागा दिली.

आता मला राग आला. इतका वेळ कोंडलेली सगळी भीती तिच्यावरच निघाली. "अहो, ओळख ना पाळख, पोटचं पोर असं कुणाच्याही हातात देतात का?"

तिनं डोळे पुसले आणि खरोखरच नवल वाटल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. "मंग कुणाकडं देऊ, दादा? गाडीत वळखीचं कोण असतंय?"

यावर काय बोलायचं ते मला सुचलं नाही. आमच्या पेठेत असं फार क्वचित घडतं. साताऱ्यापर्यंत ती बाळाला थोपटत राहिली.

आठ दिवस झाले, अजून अंगावर काटा येतो. गाडीभर माणसांना तासभर माझ्याकडे बघूनही माझी खात्री पटली नसती... आणि तिनं खाली धक्के खात माझ्याकडे पाहिलं असेल ते फार तर दोन सेकंद. तेवढ्यात तिला काय दिसलं, देव जाणे. पण इतका चांगला माणूस मला आजवर कुणीच समजलं नव्हतं.