टेकाडावरचा झेंडीवाला

शंकरपटात, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीत, लोक बैल पाहायला जातात. पण बार्शीटाकळीच्या अंगाला पट भरायचे तेव्हा निम्मी गर्दी देवमनला पाहायला यायची. देवमन झेंडीवाला. जोडी सुटायच्या वेळी झेंडी खाली पाडायची, एवढंच त्याचं काम. पण जोडी उधळली, छकडा पलटला, जोडी हाकणारा धुरकरी मातीत आला, की हा बाबा झेंडी फेकून असा पळायचा की विचारू नका. कोणाला चाकाखालून ओढलं, कोणाला शिंगांपुढून उचललं. डाव्या हाताची दोन बोटं त्यातच गेली. बायको माणिकबाई म्हणायची, "घरचं पोतं उचलाले सांगा, लगेच कंबर धरते. पटात मानूस पडला का मंग पाह्यजा याले!" म्हणायची रागाने, पण सांगायची चारचौघींत.

पटाचे हलके छकडे अकोल्याच्या जुन्या शहरातून यायचे. इनायतुल्ला ते बनवायचा. एकदा त्याचा भाऊ छकड्यावरून पडला आणि देवमनने त्याला काढला, तेव्हापासून दोघांचं जे जमलं ते जमलंच. ईदला हा तिकडे, पोळ्याला तो इकडे. मग कोर्टाने पट बंद केले. बैलांचे हाल होतात म्हणे. होत असतीलही बापा! माणसांच्या हालांवर बंदी आणणारं कोर्ट आमच्या वऱ्हाडाने अजून पाहिलं नाही. इनायतुल्लाने छकडे सोडून मोटारसायकली हाती घेतल्या. देवमन घरी बसला.

इनायतुल्लाचा पोरगा साजिद मोर्णा नदीच्या काठावर गिऱ्हाइकांच्या गाड्या उडवत मोठा झाला. बापाने मारलं, पोराने उडवल्या. बाप थकला, पोरगा थकला नाही. पुढे एका बियाण्याच्या कंपनीची नजर त्याच्यावर पडली. त्या वर्षी कपाशी बोंडातच सडली होती आणि गावोगाव लोक कंपनीच्या नावाने बोटं मोडत होते. लोकांनी दुसरं काहीतरी बोलावं म्हणून कंपनीला असाच एक चेहरा हवा होता. तिने साजिदला गाडी दिली, छातीवर आपलं नाव छापलं आणि पाठवला थेट मोटोक्रॉसच्या आशियाई स्पर्धेत. हा एका दिवसाचा खेळ नव्हे, आख्खा हंगाम असतो. आज या देशात, महिन्याने त्या देशात, आणि गुण जमत जातात. मातीची वाकडीतिकडी वाट, त्यात घराएवढी टेकाडं. गाडी टेकाडावर चढते ती उडतेच आणि पलीकडे पडते. पलीकडे काय आहे ते उडणाऱ्याला दिसत नाही. शेवटची फेरी अकोल्यात, पातूर रोडच्या रानात घ्यायचं कंपनीने ठरवलं. शेतकऱ्यांनी पाहावं म्हणून! गावातले टवाळ म्हणाले, "बी तं उगवलं नाई, आता गाड्या उगवतीन."

थायलंडच्या फेरीत साजिद पडला. टेकाडापलीकडे पडला आणि पडून राहिला. त्याची चित्रफीत फोनवर आली तशी इनायतुल्ला बसने बार्शीटाकळीला आला. फोन त्याने देवमनच्या पुढ्यात धरला.

"देख देवमन, देख! माह्यं पोरगं मातीत पडून हाये, अन् ह्यो हरामखोर झेंडी हालवत उभा हाये. इन्सान हाये का खांब?"

देवमनने पाहिलं. टेकाडाच्या माथ्याशी एक किरकोळ माणूस, हातात पिवळी झेंडी, पोराकडे पाठ. तो जागचा हलत नव्हता. गाड्या त्याच्या पुढ्यातून हळू होऊन, बाजू धरून जात होत्या. देवमनच्या अंगाचा तिळपापड झाला. "अशा मानसाले पटात उभंच करू नोये," तो म्हणाला आणि थुंकला.

साजिदला खरचटलं आणि खांदा सुजला, त्यापलीकडे काही झालं नव्हतं. पुढच्या महिन्यात तो फिलिपाइन्सला गेला आणि तिथे त्याला स्पर्धेतलाच जोएल नावाचा दोस्त भेटला. जोएलचा बाप बेनितो स्वतःच पोराच्या गाडीचा मेकॅनिक. त्यांनी साजिदला हॉटेलातून उचलून घरी नेलं, मासे-भात खाऊ घातला, सुजलेला खांदा रोज शेकला. साजिद फोनवर म्हणाला, "अब्बा, हे लोक आपल्यासारखेच हायेत." इनायतुल्लाने त्या न पाहिलेल्या माणसाला दुवा दिल्या. पण थायलंडचा तो खांब काही त्याच्या डोक्यातून जाईना.

"अकोल्याले सगळ्यात मोठ्या टेकाडावर तू उभा राह्यशील," तो देवमनला म्हणाला. "कंपनीवाल्यायले म्या सांगतो. पोरगं पडलं तं उचलशील. जबान दे."

"जबान काय मांगतं बे? माह्या हातचंच काम हाये थे."

माणिकबाईने ऐकलं आणि तिच्या हातातलं सूप थांबलं. "बैल मानूस पाहून वळते," ती म्हणाली. "गाडी वळते काय? नोका जाऊ तुमी. माह्यं मन नाई घेत." देवमन हसला. इतक्या वर्षांनी माणसाला पुन्हा झेंडी मिळत होती, तो बायकोचं कशाला ऐकतो! दिल्या शब्दाला जागणारा माणूस आपण, असं त्याला वाटत होतं आणि ते खरंही होतं. तीच तर पंचाईत होती.

फेरीच्या आदल्या दिवशी पुण्याहून आलेल्या साहेबांनी सगळ्या झेंडीवाल्यांना रानात गोळा केलं. कपाशीची पराटी उपटून सपाट केलेल्या काळ्या रानात मुरमाची टेकाडं उभी होती. साहेब मोठ्या टेकाडावर चढले. देवमनला माथ्याशी उभं केलं आणि पुंजाराम नावाच्या गड्याला पलीकडे, खाली.

"पडलेल्याला पुंजाराम उचलेल. तुम्ही फक्त पिवळी झेंडी हलवायची. ती दिसली की मागचे उडी मारत नाहीत, हळू जातात. खाली तुमचा सख्खा भाऊ पडला तरी जागा सोडायची नाही. येणाऱ्याला पलीकडचं दिसत नाही हो. त्याला फक्त तुम्ही दिसता. कळलं?"

"हौ," देवमन म्हणाला.

थायलंडचा तो किरकोळ माणूस त्याला आठवला. तो खांब नव्हता. तो साजिदला वाचवत होता, आणि आपण दोघं इथे बसून त्याला शिव्या घालत होतो! हे इनायतुल्लाला आजच सांगितलं पाहिजे, देवमनने ठरवलं. शब्द परत मागायचा. बाबा, पोरगं पडलं तरी मी हलणार नाही, रागवायचं तर आत्ताच रागव.

तो स्पर्धकांच्या तंबूंकडे गेला. इनायतुल्ला एका ठेंगण्या, सावळ्या माणसाबरोबर पालथ्या डब्यावर बसून चहा पीत होता. अकोटच्या बाजारात दिसला असता तर कोणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं असा माणूस. तो बेनितो. इनायतुल्लाची मुलगी उज्मा अमरावतीला कॉलेजात शिकायची, ती दोघांच्या मधे बसून बेनितोचं इंग्रजी बापाला आणि बापाची वऱ्हाडी बेनितोला सांगत होती. पलीकडे साजिद आणि जोएल एकाच गाडीवर डोकं घालून खिदळत होते. बेनितोने देवमनच्या तुटक्या बोटांकडे पाहिलं आणि आपला भाजलेला अंगठा पुढे केला. दोघंही हसले.

"सांग त्यायले," इनायतुल्ला पोरीला म्हणाला, "ह्यो माहा देवमन. मोठ्या टेकाडावर उद्या ह्योच हाये. आता दोनी पोरायची फिकर नाई." उज्माने सांगितलं. बेनितोने उठून देवमनचा हात दोन्ही हातांत धरला.

आता सांगा, अशा वेळी कोणाच्या तोंडून निघेल? चहाचा कप पुढे आला, देवमनने तो घेतला. सांगू सांगू म्हणता दिवस मावळला. घरी येताना त्याने मनाची समजूत घातली, की काय पोरगं पडतंच असं थोडंच आहे.

सकाळी आख्खा तालुका लोटला. ट्रॅक्टर भरभरून माणसं आली. वर्षभरात ज्यांच्या घरात हसू ऐकू आलं नव्हतं, तेही कुंपणाला लोंबकळून ओरडत होते. बायामाणसं टोपल्यांवर उभी. पहिली गाडी टेकाडावरून उडाली तेव्हा देवमनच्या तोंडात माती गेली आणि पायाखालचा मुरूम हादरला. बैलांच्या पळण्यात एक ताल असतो, तो कळतो माणसाला. यात काहीच कळत नव्हतं. आवाज यायचा, डोक्याच्या उंचीवरून चाक जायचं, आणि संपलं. माणिकबाई म्हणाली ते खोटं नव्हतं, त्याला वाटलं. त्याने झेंडीचा दांडा उजव्या हातात आवळून धरला.

साजिद पुढच्या चार-पाचांत होता. जोएलची गाडी सुरुवातीलाच अडली, तो पार मागे पडला होता आणि जिवाच्या आकांताने अंतर तोडत होता.

तिसऱ्या फेऱ्याला साजिद उडाला तो वाकडा. देवमनला ते हवेतच दिसलं. पुढचं चाक आधी टेकलं, गाडी उलटली आणि पोरगं खाली, गाडी वर. देवमनने झेंडी वर केली. हलवली. पाठीमागच्या दोन गाड्या हळू झाल्या, कडेने गेल्या. सगळं साहेबांनी सांगितल्यासारखं होत होतं. पुंजाराम धावला, त्याने गाडीला हात घातला, पण एकट्याला ती हलेना. खालून साजिदची किंकाळी आली.

"काका! देवमनकाका!"

नावाने हाक मारली हो त्याने. दुसऱ्या कोणाला नाही, बापाला नाही. कुंपणापलीकडून इनायतुल्लाही ओरडत होता, "देवमन, जा! जा ना बे!" वाट मोकळी दिसत होती. निदान देवमनला तसं वाटलं. आयुष्यभर जे पाय कोणाला विचारून पळाले नव्हते, ते याही वेळी विचारायला थांबले नाहीत. झेंडी मुरमावर पडली आणि देवमन खाली होता. दोघांनी मिळून गाडी उचलून बाजूला लोटली. साजिदला काखेत धरून ओढत काठावर आणला. पाय मोडला होता, पण पोरगं शुद्धीवर होतं, त्याच्या गळ्याला मिठी मारून रडत होतं. कुंपणावरून टाळ्या पडल्या. पटातल्या दिवसांसारख्या टाळ्या.

तेवढ्यात टेकाडाच्या मागून आवाज चढत आला.

देवमन वळला. माथ्यावर कोणी नव्हतं. जोएल पूर्ण वेगाने उडाला, कारण त्याला थांब म्हणणारं तिथे काहीच नव्हतं. खाली साजिदची गाडी वाटेतच आडवी पडली होती. ती पाहायला त्याला वेळ मिळाला असेल की नाही, देव जाणे. न मिळाला असेल तर बरं.

अकोल्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत जोएल गेला होता.

त्या संध्याकाळी जुन्या शहरात देवमन फरिश्ता झाला. गल्लीगल्लीतून लोक त्याचा हात धरायला आले. साजिदची आई रहिमाबी पदर पसरून त्याच्या पायाशी बसली. चौकशीला आलेल्या साहेबांना पुंजारामने भेदरून सांगून टाकलं, की झेंडी होती, हालत होती. धुळीत कोणाला काय दिसलं! "तू चूप राह्य," इनायतुल्ला कानात म्हणाला. "पोलीस नेतीन तुले. माह्यासाठी गेला तू, आता माह्यं ऐक." देवमन उठला आणि बार्शीटाकळीला आला. घरी त्याने ताटाला हात लावला नाही, आणि माणिकबाईने, जिच्याजवळ म्हणण्यासारखं पुष्कळ होतं, ते ताट उचलून झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो एकटाच दवाखान्यात गेला. जोएलला जिथे ठेवलं होतं त्या खोलीबाहेर, लिंबाखालच्या ओट्यावर बेनितो बसला होता. मांडीवर पोराचं हेल्मेट. शेजारी इनायतुल्ला आणि उज्मा. इनायतुल्लाचे डोळे सुजले होते. ज्याच्या घरी आपलं पोरगं जेवलं, त्याच्या शेजारी बसणं काही सोपं नव्हतं, आणि तो रात्रीपासून तिथेच बसला होता हेही सांगितलं पाहिजे.

देवमनला पाहून बेनितो उभा राहिला. त्याने उज्माला काहीतरी हळू विचारलं.

"विचारून राह्यले," उज्मा म्हणाली, "का झेंडी होती काय."

देवमनने तोंड उघडलं, पण इनायतुल्ला आधी बोलला. "होती म्हण बेटा. देवमननं हालवली. पोरानं पाह्यली नाई."

उज्माने खाली पाहत ते सांगितलं. बेनितोने हेल्मेटवरून बोट फिरवलं. मग त्याने देवमनपुढे आपल्यासारखेच हात जोडले, चार दिवसांत शिकला होता, आणि तुटक तुटक बोलला.

"काय म्हनते?" देवमनने विचारलं.

उज्मा रडत होती. "मापी मांगून राह्यले काका. म्हनतात, माह्या पोरानं तुमची झेंडी मानली नाई. तुमी खाली होते, तुमच्या जिवावर बेतलं असतं. त्याले माफ करा म्हनतात."

अरे, याचं पोरगं आपण मारलं आणि हाच हात जोडतो! धरणीने पोटात घ्यावं असं लोक उगाच म्हणत नाहीत. देवमन उज्माकडे वळला.

"उज्मा, सांग त्याले. झेंडी माह्या हातात नव्हती. फेकली होती म्या. त्याच्या पोराची काई चूक नाई, माही हाये. सांग."

उज्माने बापाकडे पाहिलं. इनायतुल्लाने काही खूण केली नाही, तो फक्त बघत राहिला, तोंड उघडं टाकून, म्हातारा झाल्यासारखा. उज्माने डोळे पुसले आणि इंग्रजीत दोन वाक्यं बोलली. लहान वाक्यं.

बेनितो पुढे आला आणि त्याने देवमनला मिठी मारली.

देवमनला इंग्रजी येत नव्हतं. पण जे त्याने सांगायला लावलं ते ऐकून कुठल्या देशाचा बाप मिठी मारेल, एवढी अक्कल त्याला होती. "नाई नाई, आयक," तो त्या परक्या कानात म्हणू लागला, "झेंडी नव्हती माह्या हातात. आयक ना राजा, नव्हती झेंडी." तो रडायला लागला, पुन्हा पुन्हा तेच म्हणू लागला, आणि बेनितो, लहान पोराला गप्प करतात तसा, त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिला.