खिडकीबाहेरचा हात

एक हात छातीवर आणि दुसरा खिडकीच्या गजांतून बाहेर, अशी बाईंची प्रार्थना. डोळे मिटलेले, मान ताठ. तुम्ही कोणाला असं प्रार्थना करताना पाहिलं असेल तर मला सांगा. मी तरी दुसरं कोणी पाहिलं नाही.

धारला मिशनच्या दवाखान्यात बाई नर्स होत्या आणि मी कंपाउंडर. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. दरबारच्या नोकरीत वाढलेल्या आमच्या घराला पोटासाठी मिशनची पायरी चढावी लागली, म्हणून मी आधीच करवादलेला. त्यात बाईंनी प्रार्थनेसाठी निवडलेली खिडकी नेमकी माझी, औषधं द्यायची.

"बाई, दवाखान्यात दुसऱ्या खिडक्या नाहीत का?"

"आहेत. त्यांच्यापुढे भिंती आहेत. हिच्यापुढे आभाळ आहे."

बाई नगरकडच्या, आजोबांपासून ख्रिस्ती. बोलणं तुटक आणि राग नाकावर. एकदा मी त्या हाताचं कारण विचारलं.

"देव आत आहे, कंपाउंडर, आणि बाहेरही आहे," त्या म्हणाल्या. "डोळे मिटून आत पाहिलं की सापडतो, पण मग आभाळ रिकामं वाटतं. बाहेर पाहिलं की या कडुलिंबात, उन्हात तो एवढा मोठा असतो की आत काही उरतच नाही. लहानपणापासून हेच चाललंय. एकदा तरी दोन्हीकडे एकदम भेटावा, एवढंच मागते."

"मग?"

"मग काय? नाही भेटत." रेशनची साखर संपल्याचं सांगावं तसं त्यांनी सांगितलं.

पाळकसाहेब हिंदीभाषक. ते समजावत, "बहनजी, प्रभु हाथ से नहीं, विश्वास से मिलते हैं." ते वळले की बाई मला मराठीत म्हणत, "यांना फार लवकर मिळालेला दिसतो."

पण खरा घोटाळा रोग्यांनी केला. औषधासाठी बाटली ज्याची त्याने घरून आणायची, अशी आमच्याकडे रीत. खेड्यांतली माणसं सकाळीच येऊन बसत. खिडकीतून हात बाहेर आलेला दिसला की एखादा उठे आणि त्यात बाटली ठेवी. "लो बई, सीसी." प्रार्थना मोडे. बाई डोळे उघडून बाटली माझ्यापुढे आपटत. "घ्या, तुमचं गिऱ्हाईक."

हातात बाटली देऊ नये, अशी मी पाटी लावली. ती वाचणार कोण? उलट, आधी हातात बाटली द्यायची हा दवाखान्याचा नवा कायदा आहे, असं लोक एकमेकांना सांगू लागले. "साऱ्या तालुक्याला माझा हात सापडतो," बाई चिडून म्हणत. "ज्याला सापडायला हवा त्यालाच तेवढा सापडत नाही." मला हसू येई आणि वाईटही वाटे.

एके दिवशी आमच्या वॉर्डात एका खेडूत बाईचं मूल पहाटे गेलं. सकाळी ती खिडकीशी आली. रिकामी बाटली अजून हातातच होती. ती तिने ओट्यावर ठेवली आणि बाईंचा हात दोन्ही हातांनी धरून रडू लागली. बाईंनी डोळे उघडले. बाहेरचा हात मागे घेतला नाही आणि छातीवरचाही काढला नाही. ओट्यावरचं ऊन सरकलं, रांग कुरकुरू लागली, तरी बाई हलल्या नाहीत. खिडकी माझी, पण त्या दिवशी बाटल्या मी दारातून घेतल्या.

दुपारी मी विचारलं, "बाई, आज भेटला का? दोन्हीकडे?"

त्या एकदम भडकल्या. "मी मागत होते का त्या वेळी? ती रडत होती. मला तेवढंच ठाऊक." बँडेजची गुंडाळी करता करता त्या थांबल्या. आवाज खाली आला. "पाहायचंच राहिलं हो, कंपाउंडर." आणि डोळ्यांना पदर लावला. एवढी वर्षं वाट पाहायची आणि ऐन वेळी लक्ष नसायचं. मला त्यांच्या देवाचाच राग आला.

पुढे मिशनने त्यांना कन्नौदकडे पाठवलं. तिथेच त्या तापाने गेल्या. नंतर कधी त्यांना तो तसा भेटला का, हे विचारायचं राहून गेलं.

मग एका बाजारच्या दिवशी तीच खेडूत बाई खिडकीशी आली. बाटली आणली नव्हती. तिने गजांतून हात आत घातला.

"बई कां हे?" बाई कुठे आहेत, ती विचारत होती.

"बाई नहीं रहीं, बहन."

तिने हात मागे घेतला नाही. मागे रांग उभी होती. मी तिचा हात धरला, आणि माझा दुसरा हात कुठे ठेवायचा ते मला काही केल्या सुचेना.